कानातील लोहारशाळा

रायपूर शहराची वस्ती उत्तरेकडे विरळ होऊ लागली की उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती सुरू होतात. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन फर्नेस आणि तापलेल्या पोलादापासून सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल यांची तेथे दाटी आहे. पश्चिमेला काही कोसांवर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. पण या प्रदेशाचे लोखंडाशी असलेले नाते त्याहून पुष्कळ जुने आहे. जंगलातील दगड कोळशावर भाजून त्यातून लोखंड काढणारी अगरिया ही जमात याच पट्ट्यातली. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लोहासुर, कोयलासुर आणि अग्यासुर ही तिची दैवते आहेत. लोखंड, कोळसा आणि अग्नी यांना देवत्व देणाऱ्या या माणसांनी त्यांच्यासोबत येणाऱ्या चौथ्या गोष्टीला, म्हणजे आवाजाला, मात्र कोणत्या दैवताच्या हवाली केलेले दिसत नाही.

लोखंड ठोकणाऱ्याला कालांतराने कमी ऐकू येते, हे अनुभवाने पूर्वीपासून माहीत होते. नेमके कानाच्या कोणत्या भागाला इजा होते, हे कळायला मात्र फार काळ लागला. या उशिराच्या इतिहासात एक चमत्कारिक योग आहे. कानातील ज्या हाडांना लोहाराच्या अवजारांची नावे मिळाली, त्यांचा लोहाराच्या बहिरेपणाशी फारसा संबंध नाही. खरी इजा त्यांच्यापलीकडे, आणखी आत, जेथे पाहण्याचे साधनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाकडे नव्हते अशा ठिकाणी होत होती.

मधल्या कानातील पहिली दोन हाडे सोळाव्या शतकाच्या आरंभी इटालियन शरीरशास्त्रज्ञांच्या पाहण्यात आली होती. त्यांना हातोडी आणि ऐरण अशी नावे दिली आंद्रेआस वेसेलियसने. त्याचा मानवी शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ १५४३ मधला. तिसरे हाड त्याच्या नजरेतून सुटले. ते १५४६ च्या सुमारास नेपल्स येथे जोव्हानी फिलिप्पो इंग्रासिया याला सापडले आणि आकारावरून त्याला रिकीब म्हटले गेले. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचे हे हाड मानवी शरीरातले सर्वांत लहान हाड आहे. ते सुटले याचे नवल नाही. सापडले याचेच नवल.

हातोडी, ऐरण आणि रिकीब ही साखळी नेमके काय करते? आवाज हवेतून येतो, पण ऐकण्याचे इंद्रिय द्रवाने भरलेले असते. हवेतील ध्वनिलहर पाण्यावर आदळली तर तिची जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते. हजारातला एखादा भाग आत शिरतो. म्हणूनच तळ्यात बुडी मारलेल्याला काठावरच्या हाका ऐकू येत नाहीत. निसर्गाने ही अडचण साध्या यंत्राने सोडवली आहे. कर्णपटलाचे कंप पावणारे क्षेत्रफळ सुमारे पंचावन्न चौरस मिलिमीटर, तर रिकिबीच्या तळव्याचे जेमतेम तीन. मोठ्या पडद्यावरचा दाब छोट्या तळव्यावर एकवटतो. त्यात हातोडी व ऐरण यांच्या तरफेची थोडी भर पडते. दाब वीसपटींहून अधिक वाढतो आणि आवाज आतल्या द्रवात शिरू शकतो.

या साखळीला एक संरक्षकही आहे. रिकिबीला जोडलेला स्नायू शरीरातील सर्वांत लहान कंकाल स्नायू. मोठा आवाज झाला की तो आकसतो, रिकीब थोडी मागे खेचतो आणि आत जाणारा आवाज कमी करतो. परंतु त्याला आकसायला सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो आणि त्याचे संरक्षण मुख्यतः खालच्या पट्टीतील आवाजांपुरते असते. ढगांच्या गडगडाटाला हा पहारेकरी पुरतो. घणाच्या ठोक्याचा टणत्कार मात्र त्याला जाग येण्यापूर्वीच आत गेलेला असतो. ज्या इंद्रियात हातोडी आणि ऐरण आहेत, त्यालाच खऱ्या हातोडी व ऐरणीपुढे बचाव नाही.

ज्ञानाची गाडी मधल्या कानाशी बराच काळ थांबून राहिली. आतल्या कानाच्या वेड्यावाकड्या पोकळ्यांना प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याने चक्रव्यूहाचे नाव दिले होते. त्या चक्रव्यूहात जन्मजात शुद्ध हवा कोंडलेली असते आणि ती बाहेरच्या हवेला प्रतिसाद देते, म्हणून ऐकू येते, असा अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतला समज होता. गाब्रिएले फालोप्पियोने १५६१ मध्ये गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या भागाला कॉक्लिआ हे नाव दिले; मराठीत त्याला कर्णावर्त म्हणतात. मात्र त्या शंखात हवा नसून द्रव आहे, हे नि:संदिग्धपणे दाखवायला नेपल्सचा डोमेनिको कोतुन्यो याला १७६१ साल उजाडावे लागले. भारतीय परंपरेत सुश्रुताने कानाच्या २८ रोगांची गणना केली आहे, त्यांत बाधिर्य आहे आणि कानात आपोआप उमटणाऱ्या आवाजांसाठी कर्णनाद व कर्णक्ष्वेड अशी दोन वेगळी नावे आहेत. कानाच्या फाटलेल्या पाळ्या सांधण्याच्या पंधरा रीती सांगणारा हा शल्यवैद्य बाह्यकर्णाबाबत जगाच्या पुष्कळ पुढे होता. आतल्या कानाचे दार मात्र त्याच्यासाठीही बंदच होते. ते उघडण्यासाठी सुरी पुरेशी नव्हती, सूक्ष्मदर्शक हवा होता.

दरम्यान बहिरेपणाचे निरीक्षण एका वेगळ्याच माणसाने नोंदवले. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी कामगारांच्या वस्त्यांत जाऊन, ते काय काम करतात आणि त्यांना काय होते, हे विचारत असे. रोग्याला नेहमीच्या प्रश्नांबरोबर त्याचा धंदाही विचारावा, हा त्याचा आग्रह. कारागिरांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० मध्ये निघाला आणि १७१३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. व्हेनिसमधील तांब्याचे काम करणारे एकाच मोहल्ल्यात राहतात, दिवसभर पत्रा ठोकतात, त्यांना हळूहळू कमी ऐकू येऊ लागते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्याने लिहिले. कारण म्हणून त्याने बोट ठेवले ते कर्णपटलावर: सततच्या माराने पडदा आपला ताण गमावतो. निरीक्षण अचूक होते, निदान चुकले होते. त्या काळी दिसू शकणारा शेवटचा भाग पडदा आणि हाडे हाच होता.

मराठी वाचकाला व्हेनिसचा हा मोहल्ला अनोळखी वाटू नये. पुण्यातील कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथे तांब्या-पितळेची भांडी मठारण्याचा ठोका पिढ्यान्‌पिढ्या घुमला. त्या ठोक्याची ओळख इतकी घट्ट की उन्हाळ्यात झाडावर बसून एकसारखा टुक-टुक करणाऱ्या एका छोट्या हिरव्या पक्ष्याला मराठीने तांबट हेच नाव दिले. या पक्ष्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

सूक्ष्मदर्शक कानाच्या आत पोचला तो १८५१ मध्ये. आल्फोन्सो कोर्ती हा इटालियन सरदार घराण्यातील तरुण जर्मनीत व्युर्त्सबुर्ग येथे काम करीत होता. किरमिजी रंगद्रव्याने ऊतक रंगवून त्याने कर्णावर्तातील एका पातळ पडद्यावर रांगांत उभ्या असलेल्या पेशी पाहिल्या. त्या पेशींच्या माथ्यावर सूक्ष्म केसांसारखे जुडगे होते, म्हणून त्यांना केशपेशी हे नाव मिळाले आणि सबंध रचनेला कोर्तीचे इंद्रिय. माणसाच्या एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२,००० केशपेशी असतात. डोळ्याच्या पडद्यावरील प्रकाशग्राहक पेशी दहा कोटींहून अधिक आहेत, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे दारिद्र्य जाणवते. सबंध जन्मभराचे ऐकणे पंधरा-सोळा हजार पेशींच्या शिदोरीवर चालते. ती एकदाच, जन्मापूर्वी मिळते.

आता लोहाराच्या बहिरेपणाचा शोध योग्य जागी लागू शकणार होता. एकोणिसाव्या शतकात बॉयलर बांधणाऱ्यांचे बहिरेपण हा वाक्प्रचारच झाला होता. बॉयलरच्या पत्र्यांवर बाहेरून रिव्हेट ठोकले जात आणि आत शिरलेला कामगार ती रिव्हेट धरून ठेवी. लोखंडी पिंपाच्या आत बसून घणाचे घाव सोसण्यासारखेच ते होते. ग्लासगोचा कर्णतज्ज्ञ थॉमस बार याने १८८६ मध्ये अशा शंभर कामगारांची तपासणी केली. उपकरण म्हणून त्याच्याकडे होते खिशातले घड्याळ: टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे तो मोजी. तुलनेसाठी त्याने शंभर लोखंड-ओतारी आणि शंभर टपालवाटप करणारेही तपासले. शंभर बॉयलर कामगारांपैकी एकाचेही ऐकणे सामान्य नव्हते. टपालवाल्यांची स्थिती पुष्कळच चांगली होती. तुलनेसाठी शांत धंद्यातला गट घेण्याची ही बुद्धी आजच्या कोणत्याही संशोधन-प्रस्तावात शोभून दिसेल.

चार वर्षांनी, १८९० मध्ये, योहान हाबरमान याने धातुकामात आयुष्य गेलेल्या एका वृद्धाच्या कानाचे मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. कर्णावर्ताच्या सुरुवातीच्या वेटोळ्यात कोर्तीचे इंद्रिय नष्ट झालेले होते. रामाझिनीच्या निरीक्षणाला त्याचे खरे कारण मिळाले ते असे, दोन शतकांच्या शेवटी.

पहिल्याच वेटोळ्यात का? कर्णावर्त सुमारे पस्तीस मिलिमीटर लांब असून त्याची अडीच-पावणेतीन वेटोळी होतात. त्यातला पडदा सुरुवातीला अरुंद व ताठ, टोकाला रुंद व सैल असतो. तीक्ष्ण, वरच्या पट्टीचे स्वर सुरुवातीला पडदा हलवतात, खर्जातले स्वर टोकापर्यंत जातात. हंगेरियन शास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी याने मृतांच्या कानात लुकलुकत्या प्रकाशाच्या साहाय्याने ही धावती लहर प्रत्यक्ष पाहिली. १९६१ चे नोबेल त्याला त्यासाठी मिळाले. गोंगाट कोणताही असो, सर्वांत आधी मरतात त्या साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या जागी असलेल्या केशपेशी. श्रवणमापनाच्या आलेखात तेथे एक खाच पडते. बोलण्यात या पट्टीच्या जवळपास असतात ती स, श, ख, फ यांसारखी, श्वासाच्या घर्षणाने उमटणारी व्यंजने; स्वर बरेच खाली असतात. त्यामुळे अशा कामगाराला कोणी बोलत आहे हे ऐकू येते, काय बोलत आहे हे कळत नाही. ‘ऐकू येतं, पण उमगत नाही’ ही तक्रार घरच्यांना हट्ट वाटते. ती तंतोतंत शरीरशास्त्र असते.

कानाचा दुसरा व्यवसाय, म्हणजे तोल सांभाळणे, याचा शोध याच काळात आणि जवळपास अपघातानेच लागला. फ्रान्समध्ये पिएर फ्लुरांस याने १८२४ पासून कबुतरांवर प्रयोग केले. चक्रव्यूहातील तीन अर्धवर्तुळाकृती नलिका ऐकण्यासाठीच असणार, असा समज होता. आडवी नलिका कापताच कबुतराचे डोके आडव्या दिशेने झटके देऊ लागले. उभी कापली तर उभ्या दिशेने. ऐकू मात्र त्याला येत राहिले. उलट कर्णावर्त नष्ट केल्यास कबूतर बहिरे झाले, पण तोल शाबूत राहिला. आपल्याला तोलाचे इंद्रिय सापडले आहे, हे फ्लुरांसला पुरते उमगले नाही. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचा वैद्य प्रोस्पेर मेनिएर याने १८६१ मध्ये दाखवले की भोवळ, कानातले आवाज आणि ऐकणे कमी होणे ही त्रयी आतल्या कानाच्या विकारातून येते. तोवर अशा रुग्णांना मेंदूत रक्त साचल्याचे सांगून रक्त काढले जाई. पुढे १८७३ ते १८७५ या काळात माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राउन या तिघांनी स्वतंत्रपणे नलिकांतील द्रवाच्या जडत्वाची उपपत्ती मांडली.

ती समजून घ्यायला फुगडीसारखे साधन नाही. गरगर फिरताना नलिकांतील द्रव सुरुवातीला मागे रेंगाळतो, मग शरीराबरोबर फिरू लागतो. फुगडी थांबते, पण द्रव थांबत नाही. तो केशपेशींवरील मऊ पडद्याला ढकलत राहतो आणि स्थिर उभ्या मुलीला अंगण फिरताना दिसते. तीन नलिका एकमेकींशी काटकोनात असल्याने डोके कोणत्याही दिशेला वळले तरी एखादी तरी हलतेच. सरळ रेषेतील हालचाल आणि गुरुत्वाकर्षण यांची खबर देणाऱ्या दोन पिशव्या वेगळ्या आहेत. त्यांत केशपेशींवर चुन्याच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. वयाबरोबर यातले काही स्फटिक निसटून नलिकेत शिरले की अंथरुणात कूस बदलताच घर फिरू लागते. हा त्रास गोळ्यांनी नव्हे, तर डोके ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक मूळ जागी नेल्याने बरा होतो. जॉन एपली याची ही रीत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुद्दा असा की ऐकणे आणि तोल ही दोन्ही कामे एकाच घडणीच्या पेशी करतात. केसांचे जुडगे एका बाजूस झुकले की पेशीत विद्युतभार शिरतो आणि मज्जातंतूला इशारा जातो. जुडगे आवाजाने झुकले तर ते ऐकणे, मान वळल्याने झुकले तर तो तोल.

व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी याची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. कान धुताना पाणी थंड असले की रुग्णांना गरगरते आणि डोळे एका दिशेने झटके देतात, पाणी गरम असले की उलट दिशेने, हे त्याच्या लक्षात आले. एका बाजूने तापलेल्या किंवा थंडावलेल्या द्रवात प्रवाह सुरू होतात, असा अर्थ त्याने लावला आणि तोलाच्या तपासणीची पद्धत उभी केली. १९१४ चे नोबेल त्याला जाहीर झाले तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता. स्वीडनच्या राजपुत्राच्या मध्यस्थीने १९१६ मध्ये सुटका झाल्यावर त्याने ते स्वीकारले. १९८३ मध्ये स्पेसलॅब यानात हाच प्रयोग वजनरहित अवस्थेत झाला. तेथे गरम द्रव वर चढत नाही, म्हणजे डोळ्यांचे झटके यायला नकोत. तरीही ते आले. बारानीची तपासणी आजही रुग्णालयांत वापरली जाते, त्याचे स्पष्टीकरण मात्र अपुरे ठरले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८४ मध्ये, राकेश शर्मा सॅल्यूत ७ वर गेले. तेथे त्यांनी योगासनांचे प्रयोग केले. अवकाशात शरीराला जुळवून घ्यायला योगाभ्यासाची मदत होते का, हा त्यामागचा प्रश्न होता. स्फटिकांना वजनच उरत नाही, तेव्हा कान आणि डोळे परस्परविरोधी साक्ष देतात, हे अवकाशातील मळमळीचे मुख्य कारण मानले जाते.

बेकेशीने पाहिलेले कान मृतांचे होते. जिवंत कान त्याहून कितीतरी तीक्ष्ण निवड करतो, हे कोडे उरले होते. थॉमस गोल्ड याने १९४८ मध्येच सुचवले होते की कान नुसते ऐकत नसावा, स्वतः ऊर्जा खर्च करून आवाज वाढवत असावा. तसे असेल तर कानातून आवाज बाहेरही यायला हवा. त्या काळी त्याचे कोणी मनावर घेतले नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प याने कानात टिचकीसारखा आवाज सोडून मायक्रोफोन लावला आणि कानाने परत पाठवलेला क्षीण प्रतिध्वनी टिपला. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल व सहकाऱ्यांनी दाखवले की बाहेरच्या रांगांतील केशपेशी विजेच्या इशाऱ्यावर लांब-आखूड होतात. आतली रांग ऐकते. बाहेरच्या रांगा नाचून तिच्यासाठी आवाज मोठा करतात. गोंगाटात प्रथम बळी पडतात ते हे नाचणारेच.

केम्पच्या प्रतिध्वनीचा उपयोग प्रयोगशाळेबाहेर झपाट्याने झाला, कारण त्याला रुग्णाच्या उत्तराची गरज नसते. झोपलेल्या नवजात बाळाच्या कानात छोटे टोक बसवले की केशपेशी जिवंत आहेत की नाहीत, हे यंत्र काही क्षणांत सांगते. जन्मजात बहिरेपण लवकर कळले तरच कर्णावर्त-रोपणाचा, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटचा, पुरेपूर लाभ होतो. या यंत्रातील विद्युतवाहक तारा केशपेशींना वगळून थेट मज्जातंतूला इशारा देतात. पॅरिसमध्ये १९५७ साली जूर्नो आणि एरिएस यांनी केलेला प्रयोग त्याचा आरंभ. मेंदूची भाषा शिकण्याची वेळ मात्र थांबत नाही. पहिली काही वर्षे गेली की त्याच यंत्रातून आलेला आवाज शब्द होत नाही. छत्तीसगढमध्ये लहान मुलांच्या रोपणासाठी शासनाची बाल श्रवण योजना आली ती याच कारणाने, आणि केंद्राचा बधिरता प्रतिबंध कार्यक्रम २००६-०७ पासूनचा. रायपूरला १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ पासून एम्स आहे. बस्तर किंवा सरगुजाच्या एखाद्या गावातले बाळ तेथे वेळेत पोचते का, हा प्रश्न शरीरशास्त्राचा उरत नाही.

रोलिंग मिलमधील प्रौढ कामगाराचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे कान जन्मतः निरोगी होते. गोंगाटाने येणारे बहिरेपण भारतीय कायद्याने नोंद करण्याजोग्या व्यवसायजन्य रोगांत घातलेले आहे. नागपूरच्या राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेतील नंदी आणि धात्रक यांनी २००८ मध्ये भारतातील स्थितीचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातले एक वाक्य कोणत्याही आकडेवारीहून बोलके आहे: हे बहिरेपण १९४८ पासून भरपाईस पात्र असूनही पहिली भरपाई मिळाली ती १९९६ मध्ये. अठ्ठेचाळीस वर्षांत एकही कामगार बहिरा झाला नाही, असे कोणी म्हणणार नाही. कारण सरळ आहे. हात तुटला तर दिसतो, फुप्फुस गेले तर खोकला ऐकू येतो. केशपेशी मरताना वेदना होत नाही, रक्त येत नाही, आणि ज्याचे ऐकणे जाते त्याला ते गेल्याचे सर्वांत शेवटी कळते. त्यावर, सिद्ध करायला आधीचा आलेख हवा. नोकरीस लागताना कान तपासलाच नसेल तर तुलना कशाशी करणार?

मर्यादेचे गणितही तपासण्यासारखे आहे. भारतात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि आवाज दर ५ डेसिबलने वाढला की मुभेचा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलमध्ये दोन तास. पण डेसिबल हे लघुगणकी माप आहे. ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते ती ३ डेसिबलने. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ८५ डेसिबलपासून, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, अशी शिफारस केली. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये दोन तास नव्हे, पंधरा मिनिटे मिळतात. दोन्ही नियमांतले कान मात्र सारखेच असतात.

आणि तो तांबट पक्षी. १९८७-८८ मध्ये कोंबडीची पिले व लावे यांच्यावरील प्रयोगांत आढळले की गोंगाटाने मेलेल्या केशपेशींच्या जागी पक्ष्यांच्या कानात नव्या केशपेशी उगवतात आणि काही आठवड्यांत ऐकणे बऱ्याच अंशी परत येते. सस्तन प्राण्यांनी ही क्षमता उत्क्रांतीच्या वाटेवर कोठेतरी गमावली. ती पुन्हा जागी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२४ च्या आरंभी चीनमधील जन्मतः बहिऱ्या मुलांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे वृत्त आले, ते खरे आणि मोठे आहे; पण त्या मुलांच्या केशपेशी जिवंत होत्या, त्यांच्यातील एक प्रथिन तेवढे नव्हते. मेलेली केशपेशी माणसात परत आणणारे औषध अद्याप कोणाकडे नाही. तोवर सिलतऱ्यातील कामगारासाठी उपाय जुनेच: यंत्राला आवरण, कानाला बोंडूक, गोंगाटातल्या तासांना मर्यादा, आणि भरतीच्या दिवशी व नंतर दरवर्षी काढलेला श्रवणाचा आलेख, ज्यात ४,००० हर्ट्झपाशी पडणारी खाच त्या माणसाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी दिसते.